कॉल कुणाच्या सोयीचा?

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात आणि सोमवारी हिंजवडी, खराडी, ऐरोलीतली रात्रीची जेवणं तासभर पुढे ढकलली जातात. न्यूयॉर्कमधल्या साहेबाची सकाळी नऊची मीटिंग नऊलाच राहते. पुण्यात मात्र उन्हाळाभर संध्याकाळी साडेसहाला होणारा तोच कॉल आता साडेसातला सुरू होतो. कुणी काही ठरवलेलं नसतं, कुणाला विचारलेलं नसतं. दर आठवड्याचं ते निमंत्रण ज्याने पाठवलं त्याच्या शहराच्या वेळेला बांधलेलं असतं, एवढंच. मग मुलीला क्लासहून कुणी आणायचं, पोळ्यावाल्या मावशींना कितीला बोलवायचं, याची घरोघरी नव्याने मांडामांड होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा उलटी मांडामांड.

आपल्याकडे हा प्रकार अंगवळणी पडत नाही, कारण आपलं घड्याळ जागचं हलत नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945 या काळात, ते तासभर पुढे नेलं होतं. त्यानंतर ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे म्हणजे साडेपाचच. त्यामुळे ‘न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे’ असं उत्तर एकदा पाठ होतं आणि ते वर्षातले जेमतेम चार महिने बरोबर असतं. उरलेले आठ महिने साडेनऊ. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. सिडनीचं सगळंच उलटं. तिथला उन्हाळा आपल्या थंडीत येतो, म्हणून तेव्हा ते साडेपाच तास पुढे आणि एरवी साडेचार. बरं, या सगळ्यांनी एकाच दिवशी घड्याळं बदलावीत, तर तेही नाही. 2026 मध्ये अमेरिकेची तारीख 8 मार्च, युरोपची 29 मार्च. मधले तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातलं नेहमीचं पाच तासांचं अंतर चारावर येतं, आणि दोन्हीकडच्या लोकांना एकत्र बोलावणारा पुण्यातला टीम लीड डोक्याला हात लावतो.

हिशेब फोन करून देतो, ही गोष्ट खरी. पण हिशेब सुटला म्हणून पेच सुटत नाही. जुलै महिन्यातलं एक साधं उदाहरण घ्यावं. लंडनला सकाळचे नऊ वाजले असताना पुण्यात दुपारचा दीड आणि सिडनीत संध्याकाळचे सहा. सिडनीकराला घरी जायला थोडा उशीर होईल, पुणेकराची वामकुक्षी हुकेल, पण तिघांचं जमतं. आता यात सॅन फ्रान्सिस्को घालावं. तिथे त्या वेळी रात्रीचा एक. त्यांच्यासाठी सकाळी आठची वेळ धरली तर लंडनला दुपारचे चार, पुण्यात रात्रीचे साडेआठ आणि सिडनीत रात्रीचा एक. चौघांनाही दिवसाउजेडी सापडेल अशी वेळ चोवीस तासांत नाहीच. कुणीतरी जागायचं आहे. कुणी जागायचं, हे पृथ्वीच्या फिरण्यावरून ठरत नाही, माणसं ठरवतात. आणि बहुतेक वेळा ते न बोलता ठरवलं जातं.

तंत्रज्ञानाच्या लेखांमधून या विषयावर ढीगभर युक्त्या सांगितल्या जातात. अमुक ॲप वापरा, कॅलेंडरमध्ये दुसऱ्या शहराची पट्टी लावा, सोयीचा रंगीत तक्ता बघा. त्या उपयोगी आहेत, पण त्यांचा रोख असा असतो की जणू सोयीची वेळ कुठेतरी दडून बसली आहे आणि नीट शोधली की सापडेल. खरं तर गैरसोय उरतेच. ती मोजायची, वाटून घ्यायची आणि ज्याच्या वाट्याला जास्त येते त्याला तिचा मोबदला द्यायचा, हे काम मात्र कुठलंही ॲप करत नाही.

घड्याळ सत्तेच्या आणि व्यापाराच्या मागे जातं, हे काही इंटरनेटनंतर सुरू झालेलं नाही. प्रशांत महासागरातल्या सामोआने 1892 मध्ये 4 जुलै हा दिवस दोनदा पाळला, कारण तेव्हा त्याचा व्यवहार अमेरिकेशी होता आणि तारीख अमेरिकेशी जुळवायची होती. पुढे व्यापार ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडकडे वळला. सामोआत शुक्रवार असताना न्यूझीलंडमध्ये शनिवारची सुट्टी, आणि सामोआ रविवारी चर्चमध्ये असताना सिडनीची बाजारपेठ सोमवारी उघडलेली. आठवड्याचे कामाचे दोन दिवस असे वाया जाऊ लागले. शेवटी 2011 मध्ये सामोआने 30 डिसेंबर हा शुक्रवार कॅलेंडरमधून सरळ वगळला. गुरुवारी झोपलेली माणसं शनिवारी उठली. संयुक्त अरब अमिरातीने तारखेला हात लावला नाही, पण जानेवारी 2022 पासून सरकारी कार्यालयांची शुक्रवार-शनिवारची साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारकडे सरकवली आणि शुक्रवार अर्धा दिवस कामाचा केला. जगातल्या बाजारांशी जुळवून घेणं हे त्यामागचं उघड कारण. दुबईत नोकरी करणाऱ्या मराठी माणसांना मुंबईच्या नातेवाइकांसारखा रविवार मिळाला तो असा, लंडन-न्यूयॉर्कच्या कृपेने.

मुंबईने तर या प्रश्नावर रस्त्यावरची लढाई केलेली आहे. शहराची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे होती. रेल्वे मद्रासच्या वेळेने चालायची, ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. 1881 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी ही मद्रास वेळ मुंबईवर लादून पाहिली. लोकांनी ती मानली नाही आणि दोन वर्षांत तो प्रयोग गुंडाळावा लागला. मग 1 जानेवारी 1906 पासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावरची वेळ साऱ्या देशाची प्रमाणवेळ ठरली. मुंबईसाठी याचा अर्थ घड्याळ 39 मिनिटं पुढे. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी माग सोडले, गिरण्यांवर दगड फेकले, आणि शहरात निषेधाचे अर्ज फिरले.

त्या कामगारांना आडमुठे म्हणणं सोपं आहे. पण भोंगा घड्याळाने वाजणार आणि सूर्य मात्र जुन्याच वेळेला उगवणार, हे त्यांना नेमकं कळलं होतं. बदल कागदावर 39 मिनिटांचा. प्रत्यक्षात तेवढी झोप गिरणगावातून जाणार होती, मलबार हिलवरून नव्हे. महापालिकेने पुढे बरीच वर्षं ‘बॉम्बे टाइम’ सोडला नाही. तो संपला 1955 मध्ये, स्वातंत्र्यानंतरही आठ वर्षांनी. तोवर शहरात भेटीची वेळ सांगताना कोणत्या घड्याळाची, हेही सांगावं लागे.

आज हिंजवडीत कुणी दगड फेकत नाही. उलट सगळं खेळीमेळीत चालतं. ‘तुम्हाला चालेल ना?’ असं विचारलं जातं आणि ‘हो हो, काही प्रॉब्लेम नाही’ असं उत्तर येतं. यावर नेहमीचा युक्तिवाद असा की ज्याचा पैसा त्याची वेळ. डॉलर हवेत तर रात्र द्यावी लागेल. कॉल सेंटरच्या रात्रपाळीपुरता तो मान्य करता येईल. पाळी हा करार असतो. तिचा भत्ता असतो, नेण्या-आणण्याची गाडी असते, दुसऱ्या दिवशी झोपायला मिळतं. त्रास आहेच, पण तो नोकरी घेताना सांगितलेला असतो. सकाळी साडेनऊला ऑफिसात हजर झालेल्या माणसाने रात्री दहाला पुन्हा कानाला हेडफोन लावणं, ही पाळी नाही. ते कुठे लिहिलेलं नसतं, त्याचे पैसे नसतात आणि ते नाकारलं तर ‘ओनरशिप कमी पडते’ असा शेरा मिळतो. मायक्रोसॉफ्टने 2025 मध्ये आपल्याच सॉफ्टवेअरच्या वापरावरून काढलेल्या अहवालात रात्री आठनंतर होणाऱ्या मीटिंग वर्षभरात 16 टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलं. एकाहून अधिक कालविभागांत पसरलेल्या मीटिंगचं प्रमाण 30 टक्के. त्यातली किती रात्र कुठल्या देशाच्या वाट्याला गेली, हे हैदराबादच्या किंवा पुण्याच्या माणसाला विचारायची गरज नाही.

शिवाय ‘ज्याचा पैसा’ हे वाक्य आता पूर्वीइतकं लागू राहिलेलं नाही. परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं भारतात 1,700 हून अधिक झाली आहेत आणि त्यांत सुमारे 19 लाख लोक काम करतात. महाराष्ट्राने 2025 मध्ये अशा केंद्रांसाठी वेगळं धोरण आणलं. 400 नवी केंद्रं आणि चार लाख नोकऱ्या हे त्याचं लक्ष्य. इथे ग्राहक आणि कंत्राटदार असा संबंध नाही. शिकागोतला आणि पुण्यातला इंजिनिअर एकाच कंपनीचे नोकर, एकाच प्रकल्पावरचे सहकारी, कधी कधी पुण्यातला वरिष्ठ. तरीही मीटिंगचं घड्याळ मुख्यालयाचंच राहतं. ही निव्वळ सवय आहे, आणि ती मोडायला कुणाच्या खिशाला चाट पडत नाही.

मात्र आपल्या हाती काठी आली की आपण काय करतो, तेही बघायला हवं. 2024 चा टी-ट्वेंटी विश्वचषक अमेरिका आणि वेस्ट इंडिजमध्ये झाला. न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ काउंटीत भारताचे सामने स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाला सुरू झाले, म्हणजे भारतात बरोबर रात्रीचे आठ. पाकिस्तानविरुद्धचा सामना निदान रविवारी तरी होता. यजमान अमेरिकेचा भारताविरुद्धचा सामना 12 जूनला, बुधवारी, सकाळी साडेदहाला. आपल्याच देशाचा संघ पाहायला अमेरिकन माणसाने ऐन कामाच्या दिवशी रजा काढायची, कारण नागपुरात आणि नाशिकमध्ये जेवणं उरकून लोक टीव्हीसमोर बसलेले असतात.

याहून मजेशीर गोष्ट उपांत्य फेरीची. भारत पोहोचलाच तर त्याचा सामना गयानातच होणार, हे स्पर्धेआधीच ठरवून ठेवलं होतं. गटातला क्रमांक कुठलाही येवो. कारण सरळ होतं. त्रिनिदादमधला उपांत्य सामना स्थानिक वेळेने रात्री साडेआठला, म्हणजे भारतात सकाळी सहाला, आणि सकाळी सहाला जाहिराती कोण पाहणार? गयानाचा सामना सकाळी साडेदहाला होता, भारतात रात्री आठला. अंतिम सामन्याआधी मध्ये एकच दिवस असल्यामुळे गयानाच्या सामन्याला राखीव दिवसही ठेवता आला नाही. त्याऐवजी 250 मिनिटांचा जादा वेळ दिला गेला. पाऊस आला, सामना रखडला, भारताने इंग्लंडला 68 धावांनी हरवलं, आणि वेळापत्रकाबद्दल कुरकुर करणाऱ्या इंग्रजांना आपण भरपूर चिडवलं. कॅलिफोर्नियाच्या मॅनेजरवर वैतागणारे तेच आपण. आपला तो बाब्या! अर्थात हे भारताने शोधून काढलेलं नाही. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जलतरणाच्या अंतिम शर्यती सकाळी घेतल्या गेल्या, त्या अमेरिकेत संध्याकाळी टीव्हीवर दिसाव्यात म्हणूनच. मायकल फेल्प्सची आठही सुवर्णपदकं चीनमधल्या सकाळची.

करमणुकीच्या धंद्यात प्रेक्षक जिथे जास्त तिथली वेळ, हे एक वेळ समजू शकतं. रोजच्या कामात तो न्याय लावला की त्याचं शोषण होतं.

वाटून घेण्याचा मार्ग कुणाला सापडलाच नाही असंही नाही, आणि तो सापडला तो इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या अभियंत्यांनाच. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स ही संस्था वर्षातून तीनदा भरते आणि तिन्ही बैठका उत्तर अमेरिका, युरोप आणि आशिया यांत आळीपाळीने व्हाव्यात असं तिचं लिखित धोरण आहे. 2020 मध्ये करोनामुळे सगळं ऑनलाइन गेलं. तेव्हा ‘आता घरूनच बसायचंय, तर अमेरिकेच्या वेळेनेच घेऊ’ असं म्हणणं अगदी सोपं होतं, कारण तिथून येणारे सदस्य भरपूर. संस्थेने तसं केलं नाही. नोव्हेंबरमधली बैठक बँकॉकला भरायची होती. ती पडद्यावर भरली, पण बँकॉकच्या घड्याळाने. न्यूयॉर्क-बोस्टनच्या लोकांनी त्या आठवड्यात रात्री जागून कामकाज केलं. पुढे ऑनलाइन बैठकांसाठी त्यांनी हाच फिरता नियम लेखी घातला. जगातल्या कुठल्याही कार्यालयाला हे उद्यापासून करता येईल: एका तिमाहीत पुण्याची संध्याकाळ, पुढच्या तिमाहीत डॅलसची पहाट. पहाटे पाचला उठून दोन-तीन कॉल केले की बऱ्याच साहेबांना असंही लक्षात येतं की निम्म्या मीटिंगऐवजी चार ओळींची ईमेल पुरली असती. फिरत्या पाळीचा हा फायदा कमी लेखू नये.

दुसरी गोष्ट निमंत्रण लिहिण्याची, आणि तिथे मराठी माणसाने जगाला धडे द्यावेत इतकी त्याची तयारी आहे. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ कुणी नुसती ‘नऊ वाजून दहा’ अशी सांगत नाही. कॅलेंडरांत आणि वर्तमानपत्रांत ती गावागावानुसार छापलेली असते, कारण नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला आहे आणि तिथे चंद्र सुमारे पंचवीस मिनिटं आधी उगवतो. उपास कधी सोडायचा याला गावाचं नाव लागतं, हे आजीला ठाऊक असतं. अमेरिकेतली मराठी घरंही मुंबईचं पंचांग जसंच्या तसं वापरत नाहीत. तिथल्या सूर्योदयानुसार तिथी धरली की सण कधी कधी एक दिवस अलीकडे येतो. हेच शहाणपण ऑफिसच्या ईमेलमध्ये का गळतं, कळत नाही. तिथे ‘उद्या 8 ईएसटी’ असं लिहिलेलं असतं. सकाळचे आठ की रात्रीचे? जुलैत ईएसटी कुठून आलं, तेव्हा तर न्यूयॉर्क उन्हाळी वेळेवर असतं. ‘उद्या’ म्हणजे कुणाचा उद्या? आयएसटी ही अक्षरं भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघेही वापरतात. सीएसटी म्हणजे शिकागोकडची वेळ, चीनची वेळ, आणि जुन्या मुंबईकराला विचाराल तर लोकलचं शेवटचं स्टेशन. तारीख 3/4 अशी लिहिली की पुण्यात 3 एप्रिल आणि टेक्सासमध्ये 4 मार्च. ‘गुरुवार, 9 जुलै, पुणे रात्री साडेआठ, सॅन फ्रान्सिस्को सकाळी आठ’ एवढं अक्षरात लिहायला अर्धं मिनिट लागतं.

शहराचं नाव लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. सरकारं कधी काय करतील याचा नेम नसतो. मार्च 2023 मध्ये लेबनॉनच्या काळजीवाहू पंतप्रधानांनी उन्हाळी वेळ रमजाननंतर लागू होईल असं ऐन वेळी, अवघे दोन-तीन दिवस आधी, जाहीर केलं. मॅरोनाइट चर्चने आणि काही वाहिन्यांनी ते धुडकावून घड्याळं पुढे नेली. छोट्याशा देशात काही दिवस दोन वेळा चालल्या. शेवटी मंत्रिमंडळाने निर्णय फिरवला. अशा वेळी ‘ग्रिनिच अधिक दोन’ असं लिहिलेलं निमंत्रण काहीच सांगत नाही. ‘बैरूत’ लिहिलेलं असेल तर निदान विचारायचं कुणाला ते कळतं. जगभरच्या संगणकांत आणि फोनमध्ये वेळेचे नियम शहरांच्या नावाखाली साठवलेले असतात ते यामुळेच. आपल्या देशाची नोंद त्यात कोलकात्याच्या नावाने आहे. मुंबईकरांनी वाईट वाटून घेऊ नये.

राहिला प्रश्न कायद्याचा. कामानंतर संपर्क नाकारण्याचा हक्क फ्रान्सने 2017 पासून दिला. ऑस्ट्रेलियात तो 26 ऑगस्ट 2024 पासून लागू झाला, आणि तिथल्या कायद्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. कर्मचाऱ्याचा नकार अवाजवी होता का, हे ठरवताना जादा वेळ उपलब्ध राहण्यासाठी त्याला मोबदला मिळतो का आणि त्याच्या घरच्या जबाबदाऱ्या काय आहेत, हे पाहिलं जातं. म्हणजे रात्रीच्या कॉलवर सरसकट बंदी नाही. तो फुकटात गृहीत धरण्यावर आहे. भारतात याच हक्कासाठी सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत 2018 मध्ये खासगी विधेयक मांडलं होतं आणि डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा मांडलं. पण 1970 नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, त्यामुळे त्या वाटेवर डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. सवलती देऊन परदेशी केंद्रं बोलावणाऱ्या राज्य सरकारला मात्र त्या सवलतींसोबत एक अट घालता येईल: रात्री नऊनंतरच्या कॉलचे तास हजेरीत धरा आणि त्यांचा भत्ता द्या. जमीन, वीज, मुद्रांक शुल्क यांवर इतकी घासाघीस होते, त्यात ही एक ओळ जड नाही.

तोपर्यंत टीमच्या पातळीवर एक कागद पुरेल. कोणत्या शहरातल्या किती जणांनी महिन्यात किती तास सकाळी आठच्या आधी आणि रात्री आठच्या नंतर मीटिंगमध्ये काढले, याचा तक्ता कॅलेंडरमधून दहा मिनिटांत निघतो. पगारवाढीच्या चर्चेत तो टेबलावर ठेवायला हवा. आणि ती चर्चा पुण्याच्या माणसाची असेल, तर निदान ती तरी पुण्यात सकाळी अकरा वाजता ठेवावी.